पकड सैल करून घडवलेले औषध : निर्माट्रेल्विरच्या रचनेचा प्रकरण अभ्यास

पेप्टाइडपासून, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळीपासून, एन्झाइमचा रोधक, म्हणजे त्याचे काम अडवणारा रेणू, घडवताना सुरुवात सोपी असते आणि नेमकी तीच पुढे नडते. प्रथिने कापणारे एन्झाइम, म्हणजे प्रोटिएझ, अमिनो आम्लांचा कोणता क्रम ओळखून कापते हे एकदा कळले की तोच क्रम घेऊन एक आखूड पेप्टाइड तयार करता येते, कापला जाणारा बंध काढून तिथे एन्झाइमला अडकवून ठेवणारा गट बसवता येतो, आणि परीक्षानळीत उत्तम काम करणारा रोधक हाती येतो. हाच रेणू गोळीच्या रूपात पोटात गेला की मात्र पचनसंस्थेतील प्रोटिएझ त्याचे तुकडे करू लागतात. जे वाचते ते आतड्याची भिंत सहसा ओलांडत नाही, कारण पेप्टाइडच्या कण्यातील प्रत्येक एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) गट पाण्याच्या रेणूंना धरून असतो आणि पेशीपटलाच्या मेदयुक्त थरात शिरायचे तर त्याला ते पाणी सोडावे लागते. त्यातूनही जे रक्ताच्या वाटेला लागते, त्यातला बराच भाग यकृतात संपतो.

या अडचणीवर औषधरसायनशास्त्राने शोधलेला सर्वांत फलदायी उपाय म्हणजे कृत्रिम अमिनो आम्ले. पेशी प्रथिने बांधताना ज्या वीस अमिनो आम्लांचा वापर करते, त्यांच्या यादीत नसलेली, प्रयोगशाळेत हव्या त्या आकाराची घडवलेली ही आम्ले पेप्टाइडच्या साखळीत बसवली की रेणूचा एन्झाइमला दिसणारा चेहरा तोच राहतो, पण बाकीच्या शरीराला तो पेप्टाइडसारखा वाटेनासा होतो. हे तत्त्व म्हणून सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात कोणते आम्ल कुठे बसवायचे, त्यासाठी काय सोडायचे आणि सोडलेले कसे भरून काढायचे, हे एकेका प्रकरणातच नीट समजते. त्यासाठी येथे निर्माट्रेल्विर हा रेणू घेतला आहे. रिटोनाविर या दुसऱ्या औषधासोबत दिले जाणारे हे कोविड-१९वरचे औषध पॅक्सलोविड या नावाने ओळखले जाते. त्याच्या रचनेची हकीकत फायझरच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली, आणि मूळ रेणू व अंतिम रेणू शेजारी ठेवून प्रत्येक बदलाचा हिशेब लावता येतो, हे या प्रकरणाचे मोठे महत्त्व आहे. त्या हिशेबातून निघणारी गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. औषध ठरलेला रेणू त्याच्या पूर्वजापेक्षा एन्झाइमला सुमारे अकरा पट सैल धरतो, आणि तरीही, किंबहुना त्यासाठी केलेल्या त्यागांमुळेच, तो औषध ठरला.

लक्ष्य

कोरोना विषाणू आपली बरीचशी प्रथिने एका लांबलचक बहुप्रथिनाच्या रूपात तयार करून घेतो आणि नंतर त्याचे तुकडे करतो. यातले बहुतेक तुकडे मुख्य प्रोटिएझ, म्हणजेच एमप्रो, हे एन्झाइम करते. ते बहुप्रथिनाला अकरा ठिकाणी कापते. हे एन्झाइम थांबले की विषाणूची प्रतिकृती करणारी यंत्रणाच उभी राहत नाही. एमप्रोचे दोन सारखे घटक एकत्र येऊनच ते कार्यक्षम होते, प्रत्येक घटकात ३०६ अमिनो आम्ले असतात, आणि कापण्याचे काम सिस्टीन-१४५ व हिस्टिडीन-४१ ही जोडी करते (आकडा त्या आम्लाची साखळीतील जागा दाखवतो). सिस्टीनचा गंधक पेप्टाइड बंधातील कार्बनवर हल्ला करतो आणि हिस्टिडीन त्या गंधकावरचा प्रोटॉन उचलून घेऊन त्याला त्या हल्ल्यासाठी मोकळे करते.

रोधक घडवणाऱ्याच्या दृष्टीने या एन्झाइमची सर्वांत मोलाची खोड म्हणजे त्याची ग्लुटामिनची आवड. शेक्टर आणि बर्गर यांनी १९६७ साली घालून दिलेल्या पद्धतीनुसार, कापल्या जाणाऱ्या बंधाच्या अलीकडच्या अमिनो आम्लांना पी-१, पी-२, पी-३ असे क्रमांक देतात आणि ती ज्या खोबणींत बसतात त्यांना एस-१, एस-२, एस-३ म्हणतात. एमप्रोला पी-१ जागी ग्लुटामिनच लागते आणि पी-२ जागी बहुधा ल्युसीन. ज्ञात मानवी प्रोटिएझांपैकी कोणतेही पी-१ जागी ग्लुटामिनचा असा हट्ट धरत नाही. त्यामुळे पी-१ची जागा नीट सांभाळली तर माणसाच्या स्वतःच्या एन्झाइमांना धक्का न लावता विषाणूचे एन्झाइम तेवढे अडवता येते. रोधकाच्या रचनेत निवडकपणा बहुतेक वेळा खूप कष्टाने मिळवावा लागतो. येथे तो लक्ष्यानेच देऊ केला होता.

पूर्वज रेणू

२००२-०३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा फायझरने त्या विषाणूच्या एमप्रोवर काम सुरू केले होते आणि त्यातून पीएफ-००८३५२३१ हा रेणू तयार झाला. साथ जुलै २००३ मध्ये आटोक्यात आली, रुग्णच उरले नाहीत, आणि रेणू बाजूला पडला. २०२० साली नव्या विषाणूचा जनुकक्रम हाती आला तेव्हा दोन्ही विषाणूंच्या एमप्रोमध्ये ९६ टक्के साम्य असल्याचे दिसले. शिवाय फरक असलेली अमिनो आम्ले कापण्याच्या खोबणीपासून दूर होती, त्यामुळे जुना रेणू नव्या एन्झाइमवरही चालेल, अशी अपेक्षा धरायला भक्कम आधार होता. तो चाललाही. त्याचा रोधन स्थिरांक ०.२७ नॅनोमोलर एवढा निघाला. हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट, हे लक्षात घेतले तर ही पकड विलक्षण म्हणावी लागते.

या रेणूची रचना थोडक्यात अशी होती. पी-१ जागी ग्लुटामिनऐवजी एक कृत्रिम अमिनो आम्ल, पी-२ जागी साधे नैसर्गिक ल्युसीन, त्यापुढे मिथॉक्सी गट असलेले इंडोल हे वलय, आणि कापल्या जाणाऱ्या बंधाच्या जागी हायड्रॉक्सीमिथिल कीटोन. यातला कीटोन हा सिस्टीनला पकडणारा गट. औषधरसायनशास्त्रज्ञ त्याला वॉरहेड म्हणतात.

त्रुटी होती ती शोषणाची. प्राण्यांना हा रेणू तोंडावाटे दिला की दोन टक्केसुद्धा रक्तात पोहोचत नव्हता. त्यावर फॉस्फेट जोडून शिरेतून देण्याजोगे रूप बनवले गेले आणि ते रुग्णालयातील रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. पण सतत शिरेतून द्यावे लागणारे औषध आजाराच्या पहिल्या दिवसांत, घरी असलेल्या रुग्णाला देता येत नाही, आणि विषाणूरोधक औषधाचा खरा उपयोग त्याच दिवसांत असतो. गोळीच हवी होती. हा रेणू शोषला का जात नाही, याचे उत्तर त्याच्या रचनेकडे पाहून मोजता येते. हायड्रोजन देऊ शकणारे पाच गट त्यात आहेत : इंडोलचा एन-एच, ल्युसीनचा एन-एच, पी-१चा कण्यातील एन-एच, पी-१च्या बाजूच्या वलयातील एन-एच आणि वॉरहेडचा ओ-एच. आता काम ठरले होते. या पाचांपैकी एन्झाइमला खरोखर कोणते लागतात आणि कोणते केवळ पेप्टाइडपणाचा वारसा म्हणून उरले आहेत, हे एकेक तपासून पाहायचे.

पी-१ : जिथे हात लावायचा नव्हता

सर्व बदलांत पी-१ला हात लागला नाही, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. कारण ती जागा आधीच, वेगळ्या एन्झाइमसाठी, अत्यंत विचारपूर्वक सोडवली गेली होती. १९९०च्या दशकात अगुरॉन या कंपनीत सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूच्या ३-सी प्रोटिएझविरुद्ध रुपिनट्रिविर हा रेणू घडवला गेला. त्या प्रोटिएझलाही पी-१ जागी ग्लुटामिन लागते. ग्लुटामिन जसेच्या तसे ठेवले तर दोन अडचणी येतात. एक म्हणजे त्याच्या बाजूच्या साखळीच्या टोकाचा अमाइड गट लवचिक असतो, आणि वॉरहेड म्हणून अल्डिहाइडसारखा कार्बोनिल गट वापरला तर हा अमाइड वळून स्वतःच्याच वॉरहेडवर हल्ला करतो. रेणूचे आत वलय बनते आणि एन्झाइमसाठी राखलेला कार्बन आधीच वापरला जातो. दुसरी म्हणजे हा गट अनेक दिशांना फिरू शकतो, त्यातली एकच दिशा खोबणीला चालते, आणि बाकीच्या सोडून तिथे स्थिर होण्याची ऊर्जेतील किंमत प्रत्येक रेणूला मोजावी लागते.

उपाय म्हणून त्या अमाइडचा नायट्रोजन आणि साखळीतील गॅमा कार्बन (कण्यापासून दुसरा) यांच्यामध्ये दोन कार्बनांचा पूल टाकला गेला. त्यातून पाच अणूंचे लॅक्टम वलय, म्हणजे वलयात बांधलेला अमाइड, तयार झाले. नायट्रोजनवरच्या दोन हायड्रोजनांपैकी एकाची जागा पुलाने घेतली आणि उरलेला एकच हायड्रोजन नेमका खोबणीच्या दिशेने रोखला गेला. नायट्रोजन आता वलयात बांधलेला असल्याने तो वॉरहेडपर्यंत पोहोचू शकत नाही, आणि गट आधीच योग्य दिशेत असल्याने बसताना फारसे काही गमवावे लागत नाही. एमप्रोच्या स्फटिकरचनेत हे अगदी जवळून पाहता येते : वलयातील कार्बोनिलचा ऑक्सिजन हिस्टिडीन-१६३च्या नायट्रोजनशी हायड्रोजन बंध करतो आणि वलयातील एन-एच ग्लुटामिक आम्ल-१६६ व फिनिलअलॅनिन-१४० यांच्याकडे वळलेला असतो. म्हणजे ग्लुटामिनचे जे दोन हात एन्झाइम ओळखते ते दोन्ही शाबूत आहेत. कृत्रिम अमिनो आम्लाने नैसर्गिक आम्लाची केवळ नक्कल केली असे येथे म्हणता येत नाही. ग्लुटामिन ज्या स्थितीत क्षणभर येते, त्या स्थितीत हे आम्ल कायमचे उभे आहे.

रुपिनट्रिविर स्वतः सर्दीवरचे औषध ठरू शकले नाही. नैसर्गिक संसर्गावरील चाचण्यांत त्याचा पुरेसा लाभ दिसला नाही आणि काम थांबले. पण १९९९ मध्ये अगुरॉन वॉर्नर-लॅम्बर्टकडे आणि २००० मध्ये वॉर्नर-लॅम्बर्ट फायझरकडे गेली, आणि लॅक्टमचे ज्ञान त्याच घरात राहिले. अयशस्वी ठरलेल्या रेणूतील एक तुकडा वीस वर्षांनी कामी आला, याचे श्रेय तो तुकडा मुळात किती काळजीपूर्वक घडवला होता यालाच द्यावे लागेल.

वॉरहेड आणि ल्युसीन : दोन त्याग

पहिला बदल वॉरहेडमध्ये झाला. हायड्रॉक्सीमिथिल कीटोनच्या ओ-एचला पर्याय म्हणून दोन गट पुढे आले : बेंझोथायझोल जोडलेला कीटोन आणि नायट्राइल. नायट्राइल हा कार्बन व नायट्रोजन यांच्यातील तिहेरी बंधाचा अगदी लहान, सरळ गट. सिस्टीनचा गंधक त्याच्या कार्बनशी सहसंयुज बंध जोडतो आणि थायोइमिडेट तयार होते. हा बंध उलटू शकणारा असतो, म्हणजे रेणू एन्झाइमला कायमचे निकामी करत नाही, तर धरतो, सोडतो आणि पुन्हा धरतो. दोन्ही वॉरहेड बराच काळ स्पर्धेत होते. शेवटी नायट्राइल निवडला गेला, तो केवळ पकडीच्या जोरावर नव्हे. नायट्राइल असलेले रेणू अधिक विरघळणारे होते, मोठ्या प्रमाणावर बनवायला सोपे होते, आणि पी-१च्या किरल कार्बनची (ज्याभोवतीचे गट एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारख्या दोन प्रकारे मांडले जाऊ शकतात) रचना उलटी होण्याचा धोका त्यांत कमी होता. हा शेवटचा मुद्दा कमी लेखू नये. कीटोनशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो आणि परत जोडला जाताना चुकीच्या बाजूने जोडला जाऊ शकतो. मग लॅक्टम खोबणीच्या विरुद्ध दिशेला जातो आणि बाटलीतला काही माल निरुपयोगी होतो.

दुसरा बदल पी-२चा, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत धाडसी निर्णय तोच होता. ल्युसीनचा एन-एच एन्झाइममधील ग्लुटामिन-१८९च्या बाजूच्या साखळीशी हायड्रोजन बंध करत होता. एन्झाइमशी जुळलेला बंध तोडायला कोणताही रचनाकार सहज तयार होत नाही. पण ग्लुटामिन-१८९ खोबणीच्या कडेला, पाण्याच्या सान्निध्यात असते आणि त्याची साखळी लवचिक असते. अशा जागी जुळलेल्या बंधातून फारशी ऊर्जा मिळत नाही, कारण बंध नसतानाही दोन्ही बाजूंना पाण्याशी तेवढेच चांगले बंध करता येतात. उलट आतड्याची भिंत ओलांडताना तोच एन-एच पूर्ण किंमत वसूल करतो. तेव्हा तो काढायचा ठरला.

एन-एच काढायचा म्हणजे त्या नायट्रोजनला हायड्रोजनऐवजी कार्बन द्यायचा, आणि ते करण्याची नैसर्गिक वाट म्हणजे प्रोलीन. प्रोलीनमध्ये बाजूची साखळी वळून कण्याच्या नायट्रोजनला जोडलेली असते, म्हणून पेप्टाइडमध्ये त्याच्याकडे एन-एच उरत नाही. पण साधे प्रोलीन एस-२ खोबण भरत नाही. तिथे ल्युसीनच्या शाखायुक्त टोकाएवढा तेलकट भाग हवा. हे कोडेही दुसऱ्या एका एन्झाइमसाठी सोडवले गेले होते. हिपॅटायटिस-सी विषाणूच्या एनएस-३ प्रोटिएझविरुद्ध शेरिंग-प्लाउने घडवलेल्या आणि २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या बोसेप्रेविर या औषधात पी-२ जागी प्रोलीनच्या वलयाला तीन कार्बनांचे छोटे वलय जोडून त्यावर दोन मिथिल गट बसवलेले आम्ल होते. हे दोन मिथिल ल्युसीनच्या दोन मिथिलांच्या जागी येतात; प्रोलीनचे वलय कण्याला ताणलेल्या स्थितीत बांधून ठेवते आणि एन-एच नाहीसा होतो. बोसेप्रेविर स्वतः एमप्रोला थोडेफार अडवते, हेही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. निर्माट्रेल्विरच्या वाटेवर हेच द्विवलयी आम्ल पी-२ जागी आले. स्फटिकरचनेत ते मेथिओनीन-४९, मेथिओनीन-१६५ आणि हिस्टिडीन-४१ यांनी घेरलेल्या खोबणीत नीट बसलेले दिसते, आणि ग्लुटामिन-१८९ आता आत न वळता बाजूला राहते.

पटल ओलांडण्याची क्षमता ठळकपणे सुधारली. पकड मात्र घसरली, आणि ती अपेक्षेप्रमाणेच घसरली. याच टप्प्यावर अनेक प्रकल्प मागे फिरतात, कारण एन्झाइमवरचा आकडा बिघडताना पाहणे कठीण असते आणि तो आकडा इतर सगळ्या आकड्यांपेक्षा लवकर हाती येतो. पूर्वज रेणूच्याच बाबतीत त्या आकड्याची मर्यादा आणखी एका ठिकाणी उघड झाली होती. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या व्हेरो पेशींत त्याचा विषाणूरोधक परिणाम फिका पडत होता, कारण त्या पेशींच्या पटलावरील पी-ग्लायकोप्रथिन हा पंप रेणूला बाहेर फेकत होता. पंप बंद करणारे द्रव्य घातले की परिणाम परत दिसे. एन्झाइमला घट्ट धरणारा रेणू एन्झाइमपर्यंत पोहोचलाच नाही तर त्या घट्टपणाला अर्थ उरत नाही. निर्माट्रेल्विरच्या गटाने पकडीतली घसरण पत्करली आणि ती दुसरीकडून भरून काढायचे ठरवले.

पी-३ : गमावलेले परत मिळवणे

पूर्वजातले इंडोल सपाट आणि ताठ होते. पी-२ बदलल्यावर त्याचा जुना फायदा टिकला नाही, आणि त्याचा एन-एचही नको होता. म्हणून इंडोल काढून तिथे पुन्हा एक पूर्ण अमिनो आम्ल बसवले गेले. वरवर पाहता ही माघार वाटते, कारण रेणू अधिक पेप्टाइडसारखा होतो. पण निवडलेले आम्ल तृतीयक ल्युसीन होते, ज्यात कण्यातील अल्फा कार्बनलाच तीन मिथिल गटांचा जाडजूड गुच्छ थेट जोडलेला असतो. या गुच्छामुळे दोन गोष्टी घडतात. शेजारचे अमाइड बंध एन्झाइमांच्या हल्ल्यापासून झाकले जातात; आणि कण्याला वाकायला जागाच उरत नसल्याने तो ताणलेल्या स्थितीत राहतो. प्रोटिएझ आपले पेप्टाइड बहुतेक वेळा ताणलेल्या पट्टीच्याच रूपात धरतात, त्यामुळे हा ताठपणा फायद्याचा ठरतो. पी-३च्या कण्यातील एन-एच आणि कार्बोनिल हे दोन्ही ग्लुटामिक आम्ल-१६६च्या कण्याशी हायड्रोजन बंध करतात. म्हणजे या जागी घेतलेला एन-एच वाया गेला नाही. त्याला एन्झाइममध्ये पक्का जोडीदार मिळाला. तृतीयक ल्युसीनही नवे नव्हते. बोसेप्रेविर आणि टेलाप्रेविर या दोन्ही हिपॅटायटिस-सी औषधांत ते पी-३ जागी होते.

उरला प्रश्न या आम्लाच्या मोकळ्या नायट्रोजनला झाकण्याचा. आधी मिथेनसल्फोनिल गट वापरून पाहिला गेला, मग ट्रायफ्लुओरोअसिटिल. दोन्हींनी पकड पुन्हा नॅनोमोलर पातळीवर आणली, पण आतड्याच्या पेशींच्या थरातून पलीकडे जाण्यात ट्रायफ्लुओरोअसिटिल सरस ठरला. फ्लुओरीनमुळे हा गट तेलकटही होतो आणि एस-४ खोबणीत नेटका बसतो. जुलै २०२० मध्ये हा रेणू पहिल्यांदा बनवला गेला, तोही काही मिलिग्रॅमच.

आता पुन्हा मोजणी करता येते. अंतिम रेणूत हायड्रोजन देणारे गट तीनच आहेत : पी-३चा एन-एच, पी-१चा कण्यातील एन-एच आणि लॅक्टमचा एन-एच. तिन्हींना एन्झाइममध्ये निश्चित जोडीदार आहे. एकही वारसा म्हणून उरलेला नाही. रोधन स्थिरांक ३.१ नॅनोमोलर, म्हणजे पूर्वजाच्या ०.२७पेक्षा सैल. फुप्फुसाच्या मार्गातील मानवी पेशींमध्ये विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला सुमारे ६२ नॅनोमोलर पुरे होते. मौखिक औषधांसाठी लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये फायझरमध्येच मांडलेला नियम रेणुभार ५००च्या आत असावा असे सांगतो. निर्माट्रेल्विरचा रेणुभार ४९९.५ आहे. सहा किरल केंद्रे असलेला, एकही नैसर्गिक अमिनो आम्ल नसलेला हा रेणू त्या मर्यादेत जेमतेम मावतो.

निवडकपणाची चाचणीही झाली. कॅस्पेस-२, कॅथेप्सिन-बी, कॅथेप्सिन-डी, कॅथेप्सिन-एल, थ्रॉम्बिन, कायमोट्रिप्सिन, इलास्टेझ यांसारख्या सस्तन प्राण्यांच्या प्रोटिएझांवर १०० मायक्रोमोलर इतक्या चढ्या प्रमाणातही परिणाम दिसला नाही. नायट्राइल हा सौम्य वॉरहेड आहे आणि पी-१ची अट कडक आहे, या दोन्हींचा हा एकत्रित परिणाम म्हणता येईल.

जे रसायनशास्त्राने सुटले नाही

प्रोटिएझांपासून वाचवलेला हा रेणू यकृतातील सीवायपी-३-ए-४ या ऑक्सिडीकरण करणाऱ्या एन्झाइमसमोर मात्र उघडा पडला. पेप्टाइड बंध झाकण्यासाठी बसवलेले मिथिल गट आणि वलये हेच या एन्झाइमचे आवडते खाद्य असते; कृत्रिम अमिनो आम्लांच्या बहुतेक सर्व यशांना ही बोचरी बाजू असते. त्यावर उपाय रेणूत न शोधता बाहेर शोधला गेला. रिटोनाविर हे १९९६ पासून वापरात असलेले एचआयव्ही प्रोटिएझचे रोधक, स्वतःही पेप्टाइडवरूनच घडवलेले, सीवायपी-३-ए-४ला जोरदार अडवते. ३०० मिलिग्रॅम निर्माट्रेल्विर आणि १०० मिलिग्रॅम रिटोनाविर दिवसातून दोनदा, पाच दिवस, अशी मात्रा ठरली. रक्तातील पातळी टिकली, पण त्याची किंमत रुग्णाच्या इतर औषधांना मोजावी लागली. कोलेस्टेरॉलवरची काही स्टॅटिन, काही रक्त पातळ करणारी औषधे, अवयव प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी टॅक्रोलिमससारखी औषधे याच एन्झाइमवर अवलंबून असल्याने त्यांची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. आणि ज्यांना या विषाणूरोधकाची सर्वाधिक गरज असते, त्यांच्याच औषधांच्या यादीत ही नावे सर्वाधिक आढळतात. वैद्यकीय व्यवहारात हा अडसर मोठा ठरला.

चाचण्यांचे निकाल थोडक्यात सांगता येतात. लस न घेतलेल्या, गंभीर आजाराचा धोका असलेल्या रुग्णांत लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत औषध दिले तर रुग्णालयात दाखल होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २२ डिसेंबर २०२१ रोजी आपत्कालीन परवानगी आणि २५ मे २०२३ रोजी पूर्ण मान्यता दिली. धोका कमी असलेल्या वा लस घेतलेल्या रुग्णांवरील चाचणीत मात्र लक्षणे लवकर ओसरल्याचे दिसले नाही. रेणूची रचना कितीही चांगली असली तरी तो कोणाला द्यायचा हे चाचणीच सांगते.

प्रतिकाराचा प्रश्न तर रचनेशी थेट जोडलेला आहे. औषधाच्या सान्निध्यात विषाणू वाढवला की निवडून येणाऱ्या उत्परिवर्तनांत १६६व्या जागचे ग्लुटामिक आम्ल बदलून तिथे व्हॅलीन येणे हे सर्वांत परिणामकारक असते. वर पाहिले त्याप्रमाणे या एकाच आम्लावर रेणूचे अनेक बंध टेकलेले आहेत : लॅक्टमचा एन-एच त्याच्या बाजूच्या साखळीवर, पी-३चे दोन्ही बंध त्याच्या कण्यावर. व्हॅलीनला ती साखळीच नाही. पण हे ग्लुटामिक आम्ल एमप्रोचे दोन घटक जुळवून ठेवण्यातही भाग घेते, त्यामुळे असे उत्परिवर्तन झालेला विषाणू स्वतःही दुबळा होतो आणि ५०व्या जागच्या दुसऱ्या एका बदलाने त्याला ते काही अंशी भरून काढावे लागते. येथे नैसर्गिक सबस्ट्रेटच्या, म्हणजे एन्झाइम एरवी ज्याला कापते त्या साखळीच्या, जवळ राहण्याचा फायदा दिसतो. रोधक जे बंध वापरतो तेच एन्झाइमला आपल्या कामासाठी लागत असतील, तर त्यांतून निसटण्याची किंमत विषाणूलाच मोजावी लागते. ओमिक्रॉन प्रकारात एमप्रोच्या १३२व्या जागी प्रोलीनचे हिस्टिडीन झाले, पण ती जागा खोबणीपासून दूर असल्याने औषधाचा परिणाम टिकून राहिला.

रिटोनाविरची गरज संपवण्यासाठी फायझरने पुढे इबुझाट्रेल्विर हा रेणू घडवला. त्यात पी-२ जागचे द्विवलयी आम्ल काढून ट्रायफ्लुओरोमिथिल गट असलेले प्रोलीन बसवले आहे, म्हणजे सीवायपी-३-ए-४ला सापडणारे मिथिल गट असलेल्या जागी फ्लुओरीन आले आहे, आणि पी-३च्या टोकाला ट्रायफ्लुओरोअसिटिलऐवजी मिथिल कार्बामेट आहे. पी-१चा लॅक्टम, त्याला जोडलेला नायट्राइल आणि पी-३चे तृतीयक ल्युसीन मात्र निर्माट्रेल्विरमधून जसेच्या तसे घेतले आहेत.